आबा वायरमनचं तिकीटघर

आबा वायरमन रस्त्यानं चालताना समोर कधी बघत नसत, वर बघत. सगळा जन्म विजेच्या खांबांवर गेलेला माणूस. कुठली तार लोंबलीय, कुठल्या खांबावर वेल चढलाय, यावर नजर ठेवायची सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. पुढे पुढे ती नजर तारांवरून घरांच्या कौलांवर उतरली. त्या नादात ते उभ्या गाईला धडकलेले आहेत, मच्छीवालीच्या पाटीत त्यांनी पाय घातलेला आहे, आणि एकदा तर कौलं बघत बघत एका वरातीत शिरून नवरदेवाच्या पुढे चार घरं चालत गेलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहेत. कोणी हटकलं तर म्हणायचे, "अगो, खालचं बघायला सगळा गाव हाय. वरचं कोण बघणार?"

माझं दुकान रत्नागिरीत कचेऱ्यांसमोरच्या कौलारू गाळ्यांच्या ओळीत आहे. झेरॉक्स, टायपिंग, अर्ज लिहून मिळतील. लोक येतात, आपापलं रडगाणं सांगतात आणि मी ते 'उपरोक्त विषयास अनुसरून' मध्ये बसवून देते. आबा पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं, पेन्शनचं काहीतरी अडलेलं असणार. त्यांनी टोपी काढली, माझ्याकडे न बघता छपराकडे बघितलं आणि म्हणाले, "तुजं वरचं एक कौल सरकलंय. आधी ते करतो, मग अर्जाचं बोलू." शेजारच्या गाळ्यातून शिडी आणून ते वर गेलेसुद्धा. सत्तरीकडे झुकलेला माणूस, आणि मी खाली उभी राहून "आबा, पडाल हो" म्हणून ओरडतेय. वरून आवाज आला, "पडणारा माणूस वेगळा दिसतो गो सुमन." माझं नाव त्यांनी दारावरच्या पाटीवरून वाचलं होतं. म्हणजे अधूनमधून खालीही बघत असावेत.

अर्ज होता बंदरावरच्या तिकीटघराबद्दल. मुंबईची बोट रत्नागिरीला लागत असे त्या काळातली ती लांबट इमारत. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, एका टोकाला तिकिटाची खिडकी आणि बाकी सगळी उतारूंना बसायची जागा. बोट मी पाहिलेली नाही, आमच्या आईनं पाहिली. बोटी बंद झाल्या तशी इमारत कोणाची हेच कोणाला सांगता येईना. एक कचेरी दुसरीकडे बोट दाखवायची, दुसरी तिसरीकडे. घरात नाही दाणा आणि बाजीराव म्हणा, तसा तिचा थाट होता. नाव मोठं 'ऐतिहासिक', आणि आत बोकडं बांधलेली.

या बेवारशी इमारतीची शाकारणी आबा दर वर्षी वैशाखात एकट्यानं करत. पाऊस लागायच्या आधी कौलं उतरवायची, झाडायची, फुटकी काढून धड बसवायची, हे आमच्याकडे घरोघरी चालतं. पण आपल्या घराचं. हा माणूस सरकारी छपरावर चढून करायचा. जुन्या वायरमनचा तो रुंद पट्टा कमरेला, पाठीवर झोळी, डोक्याला पंचा. प्रत्येक कौल हातात घेऊन बोटाच्या पेरानं ठोकायचे आणि कान लावायचे. खणखणीत वाजलं तर परत जागेवर, बद्द वाजलं तर खाली. मी एकदा विचारलं, दिसायला तर दोन्ही सारखीच, मग? "माणसं पण दिसायला सारखीच असतात," म्हणाले आणि पुढचं कौल ठोकलं.

नवी कौलं ते कधी आणत नसत. गावात कुठे जुनं घर पाडायला घेतलं की पाडणाऱ्यांच्या आधी आबा तिथे हजर. घरधनी मुंबईला, जागा बिल्डरला, कौलांशी कोणाला देणंघेणं नाही. आबा चांगली कौलं निवडून, सुतळीनं बांधून, हातगाडीवरून बंदरावर न्यायचे. हळूहळू तिकीटघराच्या छपरात सगळा गाव येऊन बसला. ते खालून बोट दाखवून सांगायचे, "हा पट्टा तेलीआळीतल्या वैद्यांच्या घराचा. तो काळपट, तो बाजारातल्या जुन्या खानावळीचा. आणि आढ्याजवळची ती चार, तुझ्या शाळेची." माझी शाळा पाडून तिथे आता चार मजले उभे आहेत. ती चार कौलं मी नंतर एकटीनं जाऊन पुन्हा बघून आले, हे मी त्यांना बोलले नाही. बोलले असते तर त्यांनी दर वर्षी दाखवली असती.

पण आबांचा खरा जीव छपरात नव्हता, छपराखालच्या भिंतीत होता. बोटीला उशीर व्हायचा तेव्हा उतारू काय करणार? खिळ्यानं, किल्लीनं, जे हाताशी असेल त्यानं चुन्याच्या गिलाव्यावर आपलं नाव आणि गाव कोरत बसायचे. आतली एक अख्खी भिंत अशा नावांनी भरलेली होती. गिरणीत चाललेले, गोदीत चाललेले, बोटीवर खलाशी म्हणून चाललेले. देवळात नाव लावायला दान द्यावं लागतं, इथे फक्त बोट उशिरा यावी लागायची. त्या गर्दीत, खिडकीपासून हातभर अंतरावर, खांद्याच्या उंचीवर एक ओळ होती: राघू बाबाजी, शिरगाव.

हे आबांचे वडील. सही करण्यापुरतं लिहायला शिकले होते. त्या बोटीनं गिरणीत गेले, तिथेच तापानं आजारी पडले आणि घरी फक्त कागद आला. आबा तेव्हा रांगत होते. "फोटो नाय, काठी नाय, चष्मा नाय," आबा मला म्हणाले होते. "माझ्या बापाशीनं ह्या जगात लिहिलेली तेवढी एक ओळ हाय." शाकारणी संपली की ते हात धुऊन आत जायचे आणि त्या अक्षरांच्या खाचेतून बोट फिरवायचे, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत. मग दार ओढून घ्यायचे. वर्षाचं काम झालं.

आबांना लोक विक्षिप्त म्हणत, पण बेकायदा कोणी म्हणू शकत नसे. छपरावर चढायचा कागद त्यांच्याकडे होता. बंदरावर पूर्वी एक कारकून होते, त्यांनी कधीकाळी लिहून दिलेलं, की यांनी दर वर्षी शाकारणी करण्यास हरकत नाही. खाली सही, शिक्का. तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ते सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवत आणि शिडीवर पाय टाकण्याआधी एकदा चाचपून बघत. याला ते परमिट म्हणत. वायरमनच्या कामात लाइन बंद केल्याचं परमिट हातात आल्याशिवाय खांबावर चढायचं नसतं. नोकरीच्या सुरुवातीला ते पोफळीच्या वीजघराच्या वसाहतीत होते, तिथल्या मुकादमानं हे त्यांच्या डोक्यात बसवलं, आणि पुढे सदूनं ते पक्कं केलं. सदू त्यांचा जोडीदार. एका खेड्यात काम करताना घाईत होता. "कोणतरी बोलला, लाइन बंद हाय. ह्यानं ऐकलं आणि चढला. पट्ट्याला लोंबकळत होता. मीच उतरवला." एवढंच सांगायचे. मग तारेकडे बोट करून म्हणायचे, "हातात कागद बघितल्याशिवाय पाय उचलायचा नाय गो. मग देव येऊन सांगू दे."

मग एका वर्षी बंदराच्या सुशोभीकरणाचं घाटलं. तिकीटघर पाडून तिथे गाड्या लावायला जागा आणि फोटो काढायला कमान, असं काहीतरी. आबा माझ्याकडे आले ते याच काळात. तिथून आमचे अर्ज सुरू झाले. किती लिहिले याचा हिशेब मी ठेवलेला नाही. गावात एक 'वारसा' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुपही निघाला. त्यावर सकाळी फुलांची चित्रं यायची आणि संध्याकाळी तिकीटघराचे फोटो, खाली 'जपायला हवं' आणि हात जोडलेले. जपायला मात्र आबाच जायचे.

आता माझ्या हातून झालेलं सांगते. आबांचं म्हणणं साधं असायचं: इमारत पाडू नका, मी छप्पर बघतो. ते मला फार लेचंपेचं वाटायचं. अशा अर्जानं कोणाचं काय हलणार? मी धंद्यातली बाई, शब्दांना वजन कसं आणायचं ते मला ठाऊक. शेवटच्या अर्जात मी माझ्या पदरचं एक वाक्य घातलं: 'सदर वास्तूस सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय कोणत्याही व्यक्तीने हात लावू नये.' आबांना वाचून दाखवलं. ते खूश झाले. "झकास. एकदम परमिटासारखं झालं," म्हणाले. मी पण खूश. चहा मागवला.

आणि अर्ज मंजूर झाला! इतक्या वर्षांत आमच्या ओळीतल्या कुठल्याच गाळ्यातून गेलेला अर्ज असा जसाच्या तसा मंजूर झालेला मी पाहिला नव्हता. तिकीटघर संरक्षित ठरलं. बोकडं हाकलली, दाराला नवं कुलूप आलं, समोर निळा बोर्ड लागला. नारळ फुटला, भाषणं झाली, आबांना शाल आणि श्रीफळ. भाषणं चालू असताना हा माणूस शाल सावरत वर बघत होता. ग्रुपवर दोन दिवस टाळ्या वाजत होत्या.

पंधरा दिवसांनी वैशाख लागला. आबा शिडी, पट्टा, झोळी घेऊन बंदरावर गेले आणि तासाभरात माझ्या दुकानात परत आले. शिडी त्यांनी बाहेर भिंतीला टेकून ठेवली. "सुमन, बोर्ड वाचलास?" मी वाचला होता. त्यावर खालच्या बाजूला माझं वाक्य होतं, पांढऱ्या अक्षरात, जसंच्या तसं.

"अहो, पण तुमच्याकडे कागद आहे ना?" मी म्हटलं.

त्यांनी प्लॅस्टिकची पिशवी काढून काउंटरवर ठेवली. "लाइन बदलली की जुनं परमिट चालत नाय. नवं काढायला हवं. लिही."

मी लिहिलं. फुटकी कौलं बदलण्याची परवानगी मिळण्याबाबत. आठ दिवसांनी उत्तर आलं, छायाचित्रं जोडा. जोडली. मग आलं, नकाशा जोडा. आबांनी स्वतः पट्टी घेऊन काढला, एकेक वासा दाखवून. मग कळलं, की अशा वास्तूचं काम पात्र संस्थेनंच करायचं असतं, आणि प्रस्ताव वर पाठवलेला आहे. आबा रोज कचेरीत जायचे, बाकावर बसायचे आणि छपराकडे बघायचे. "साहेब जागेवर नाय," एवढं सांगून माझ्या दुकानावरून घरी जायचे. आकाशात ढग यायला लागले होते.

सगळ्यांनी सांगून पाहिलं. चहावाला म्हणाला, "चढा की आबा पहाटे, कोण बघतंय?" बंदरावरचे खलाशी म्हणाले, आम्ही खाली उभे राहतो. मीसुद्धा म्हटलं. इतकंच नाही, चिडून म्हटलं, "तुमच्या बापाचं नाव आहे ना आत? मग बोर्ड कसला बघताय?" असं बोलायला नको होतं. आबा शांतपणे म्हणाले, "सदूला पण असंच कोणतरी बोलला होता."  त्यांना विजेची भीती नव्हती हे मला कळत होतं. परमिटाशिवाय चढले असते तर जन्मभर पाळलेली एकच गोष्ट मोडली असती, आणि तिच्यावर त्यांचा सगळा डोलारा उभा होता.

पाऊस लागला. आबा रोज छत्री घेऊन समोरच्या धक्क्यावर उभे राहायचे आणि छपरात पडलेली भोकं मोजायचे. एक सरकलेलं कौल वाऱ्याला वाट देतं, वारा दुसऱ्याला उचलतो. आषाढात एकदा मी त्यांच्याबरोबर गेले. खिडकीच्या गजांतून आत बघितलं. भिंतीवरून पाण्याचे ओघळ वाहत होते आणि गिलाव्याला फुगे आले होते. वरच्या बाजूची नावं गेलीच होती. राघू बाबाजी अजून कोरडा होता. मी गजांतून मोबाइल आत घालून फोटो काढला, दुकानात मोठा करून छापला, लॅमिनेट केला आणि त्यांना दिला. आबांनी तो दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिला. "फोटो चांगला आलाय गो," म्हणाले. मग त्यावरून बोट फिरवलं. "गुळगुळीत लागतं."

जांभ्याच्या जुन्या भिंती भर पावसात पडत नाहीत. पाणी पिऊन उभ्या राहतात आणि उघडीप मिळाली की बसतात. हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं, तरी ऊन पडलं की माणसाला बरं वाटतंच. श्रावणात तीन दिवस लख्ख ऊन पडलं. तिसऱ्या दिवशी आबा दुकानात आले, छत्री न घेता, आणि महिन्याभरात पहिल्यांदा हसले. "आता वाळेल," म्हणाले. दुपारी बंदरावरून निरोप आला. आढं मोडलं, आणि आढ्याबरोबर नावांची भिंत बाहेरच्या बाजूला रस्त्यावर झोपली. कोणाला लागलं नाही. ग्रुपवर रडणारे चेहरे आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फुलं.

आम्ही गेलो तेव्हा लोक कौलं उचलत होते. कोणी कुंड्यांखाली ठेवायला, कोणी समुद्राकाठच्या हॉटेलाला जुना थाट आणायला. परमिट कोणाकडेच नव्हतं. मी म्हटलं, "आबा, तो गिलाव्याचा तुकडा तरी शोधूया." ते बोर्डाच्या अलीकडे उभे होते. पलीकडे गेले नाहीत. मीच शोधलं. ओला चुना हातात धरला की भुगा होत होता. एका ढेकळावर काहीतरी अक्षर दिसलं, ते कोणाचं होतं देव जाणे. त्यांच्याकडे नेईपर्यंत ते माझ्या मुठीत विरघळलं होतं.

त्या संध्याकाळी मी त्यांच्यापुढे रडले. ते वाक्य माझं होतं, तुमच्या अर्जात नव्हतं, मी घातलं, असं सगळं सांगितलं. आबांनी ऐकून घेतलं. "तू चांगल्यासाठीच लिहिलंस. आणि नियम बरोबरच होता," म्हणाले. "परमिट देणारा जागेवर नव्हता, त्याला तू काय करणार आणि मी काय करणार?" त्यांनी मला माफ केलं असं मी म्हणणार नाही, कारण माझी चूक त्यांना दिसलीच नाही. मला ती अजून दिसते.

दिवाळीनंतर परवानगी आली. फुटकी कौलं बदलण्यास मान्यता, अटींसह, पावसाळ्यापूर्वी काम पूर्ण करावे. आबा ते पत्र घेऊन दुकानात आले, त्याच जुन्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. "परमिट आलं गो," म्हणाले. मला हसावं की पत्र फाडावं कळेना. त्यांनी खुर्ची ओढली आणि म्हणाले, "एक अर्ज लिही. परमिट परत करायचंय."

"आता ते परत करून काय करायचंय आबा? ठेवा की तुमच्याकडे."

"तसं चालत नाय. काम संपलं की परमिट परत द्यायचं असतं. नायतर माणूस अजून वरच हाय असं समजून कोण लाइन चालू करत नाय, आणि सगळा गाव काळोखात राहतो."

लेकीनं त्यांना चिपळूणला बोलावून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं ते जायचे होते. जाताना दारात थांबून त्यांनी माझ्या छपराकडे बघितलं आणि सवयीनं शिडीकडे वळले. मग म्हणाले, "राहू दे. तुमची ओळ पण पाडायचीच हाय ना?" आमच्या गाळ्यांना नोटीस आली होती, ती मी त्यांना सांगितली नव्हती. पुढच्या वैशाखात तिकडे चिपळूणलाच ते वारले. निरोप आला तेव्हा अंत्यविधी होऊन गेले होते.

बंदरावर चिऱ्यांचा ढीग आणि त्याच्यापुढे निळा बोर्ड अजून आहे. आणि माझ्या खणात त्यांच्या अर्जाची पोच आहे, कचेरीतल्या माणसानं न वाचता शिक्का मारलेली. आबा सांगत गेले तसं मी टाइप केलं होतं: 'परमिट मिळाले. काम राहिले नाही. माझे हत्यार, माझा पट्टा आणि मी स्वतः खाली उतरलो आहोत. वर आता कोणी माणूस नाही. परमिट परत करीत आहे.' त्यात मी माझ्या पदरचा एकही शब्द घातलेला नाही.